भांडी मंडळाची घटना

माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं त्या उन्हाळ्यात मी गावी आलो, तर पहिल्या दोन दिवसांत तीन जणांनी मला जीभ दाखवली आणि चौथ्याने पायाची टाच. मी तसला डॉक्टर नाही, असं त्याला सांगितलं.

"मंग कायचे?"

"घटनेचा."

त्याने चप्पल पुन्हा पायात घातली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कोनती घटना? कुठी घडली?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पुण्यात काहीतरी मोठी घटना घडली, त्यात मी सापडलो आणि म्हणून परत आलो. दोन बायका आईला धीर देऊन गेल्या. त्यातली एक जाताना म्हणाली, "पोरगा सुटून आला हे काय कमी हाये का?"

आमचं गाव जानेफळपासून आत, मेहकर तालुक्यात. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा. बाबांची शेती बऱ्यापैकी होती आणि एका बांधावरून चुलतकाकांशी तितकंच बऱ्यापैकी भांडण होतं. बांधावर एक बाभूळ होती. ती कोणाची, यावर मेहकरच्या कोर्टात माझ्या जन्माआधीपासून तारखा पडत होत्या. मला खामगावला कॉलेजात ठेवलं, पुढे नागपूरला वकिली शिकायला पाठवलं, ते त्या बाभळीसाठी. मी काळा कोट घालून उभा राहीन आणि चुलतकाका खाली बघतील, हे चित्र बाबांनी पुष्कळ वर्षं मनात जपलं होतं. मी कोर्टात न जाता संविधान शिकवायला पुण्याला चाललो हे त्यांना सांगितलं, तेव्हा ते तुरीत उभे होते.

"म्हंजे तू केसा चालवनार नाही?"

"नाही. कोर्टानं निकाल दिला की तो बरोबर हाये की चूक, ते मी लिहीन."

"कोर्ट चुकलं हे तू लिहिशीन?"

"हाव."

"कुठी?"

"मासिकात."

"कोर्ट वाचते का थे मासिक?"

मी खरं ते सांगितलं. "बहुतेक नाही वाचत."

बाबा बराच वेळ तुरीच्या शेंगा चाचपत राहिले. मग म्हणाले, "मले सारखं वाटे का आपन कुठीतरी चुकलो. खामगावले न ठेवता बुलढान्याले ठेवाले पायजे होतं."

पुण्यात माझी भाषा आधी पोचली आणि मी नंतर. पहिल्याच आठवड्यात वर्गात जोरात शिकवता शिकवता मी म्हणून गेलो, "इथं राज्यपालाले विचारावं लागते." साठ मुलं एकदम हसली. त्या दिवसापासून त्या वर्गात माझं नाव 'राज्यपालाले' पडलं. मी जीव तोडून भाषा सुधारली. आरशासमोर 'मला, तुला, त्याला' घोकलं. सहामाहीला एका मुलाने खोडी काढायला उत्तरपत्रिकेत तेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मी त्याला पूर्ण गुण दिले. राज्यपालाले खरोखरच विचारावं लागत होतं.

तिथे मी तीस वर्षं शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं मी दोन शब्दांमागे घालवली: कायद्यात एका ठिकाणी 'करील' असतं आणि दुसऱ्या ठिकाणी 'करू शकेल'. या दोघांत किती अंतर आहे, त्यावर मी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. एका न्यायालयाने एकदा निकालाच्या तळटीपेत त्याचा उल्लेख केला, माझं आडनाव चुकवून. तो कागद घेऊन मी खास गावी आलो. बाबांनी चष्मा पुसून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"निकाल तुह्या म्हनन्यासारखा लागला?"

"नाही. उलटा लागला."

"म्हंजे तुह्या पुस्तकाचं नाव घेतलं अन् मंग त्याच्या उलटं केलं."

"हाव."

"काका असंच करते," बाबा म्हणाले, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांना माझं काम पहिल्यांदा समजलं.

बाभळीचं म्हणाल तर ती एका वादळात आपोआप पडली. बाबांनी आणि काकांनी मिळून ती तोडली, लाकडं अर्धी अर्धी नेली आणि पुढच्या तारखेला दोघं एकाच एसटीने मेहकरला जाऊन केस काढून घेऊन आले. मला पत्राने कळवलं. पत्रात सल्ला विचारलेला नव्हता.

निवृत्त झालो तेव्हा बायकोच्या नोकरीची दोन वर्षं बाकी होती, म्हणून ती पुण्यात राहिली आणि मी गावी आलो. आई-बाबा नव्हते. घरात मोठा भाऊ आणि वहिनी. भाऊ दिवसभर शेतात आणि उरलेला वेळ गप्प. वहिनी मात्र गावातली महत्त्वाची बाई होती, कारण भांडी मंडळाची किल्ली तिच्या कमरेला असायची.

भांडी मंडळ म्हणजे गावाने मिळून घेतलेली लग्नकार्याची भांडी: चार मोठाले गंज, ज्यात माणूस उभा राहील, दोन कढया, पराती, बकेटी, झारे. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ती ठेवलेली होती. कोणाकडे लग्न, बारसं, तेरवी असली की त्याने वहिनीकडे यायचं. वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकायची, मनात काहीतरी जुळवायची आणि सांगायची, "न्या. पन परातीचा कान हालते, धरून उचला." वीस वर्षं हे असं चाललं होतं. कागद एकही नव्हता.

पंचायतीने भांड्यांसाठी नवी पक्की खोली देऊ केली तिथून प्रश्न सुरू झाला. खोली नोंदलेल्या मंडळालाच मिळणार होती आणि नोंदणीला घटना लागते. गावातले निवृत्त मास्तर हा निरोप घेऊन आमच्याकडे आले. "सर, नमुन्याची घटना बाजारात भेटते. दोन पानांची असते. फक्त नाव भरायचं."

मी दुखावलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेल्या घटनेवर बोललो होतो. नवी करून द्या, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि आता कोणी म्हणेल अशी आशाही नव्हती. मी मास्तरांना म्हटलं, नमुना नको. मला पंधरा दिवस द्या.

पंधरा दिवस मी ओसरीवर बसून लिहीत होतो. भाऊ एकदा थांबला, कागदांच्या थप्पीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चारच गंज हायेत ना?" आणि शेतात गेला. एक्केचाळीस कलमं झाली. कलम दोनमध्ये व्याख्या होत्या. 'भांडे म्हणजे ज्यात अन्न शिजवता, ठेवता किंवा वाढता येते अशी वस्तू.' ही व्याख्या लिहून झाल्यावर मी उठून अंगणात एक चक्कर मारली, इतकी ती मला आवडली. कलम नऊ निवडणुकीचं: अध्यक्ष दर तीन वर्षांनी, गुप्त मतदानाने. कलम अकरा वाटपाचं: एका दिवशी एकाच कार्यास, आधी अर्ज करील त्यास. आणि कलम एकोणतीस, ज्याबद्दल मी अजूनही थोडा लाजतो: अर्थाबाबत वाद झाल्यास घटनाकाराचा निर्णय अंतिम राहील.

देवळासमोर संध्याकाळी सभा भरली आणि मी वाचायला सुरुवात केली. सातव्या कलमापर्यंत लोक होते. मग गोठ्यांतून म्हशी ओरडायला लागल्या. माणसं एकेक करून 'मंजूर' म्हणायची आणि धार काढायला जायची. वाचून संपलं तेव्हा मास्तर, वहिनी आणि देवळाच्या पायरीवर झोपलेले दोघे एवढेच उरले होते. ठराव एकमताने मंजूर झाला.

वहिनीने एकच प्रश्न विचारला. "भाऊजी, झाकनं कुठी हायेत यात?"

"वहिनी, थे भांड्यात आलेच."

"आले का?"

"अध्याहृत आहेत," मी म्हणालो. मास्तरांनी तो शब्द इतिवृत्तात लिहायला घेतला आणि मध्येच थांबून ऱ्हस्व की दीर्घ ते विचारलं. वहिनी "बरं" म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून मास्तरांच्या हातात दिली. निवडणुकीपर्यंत त्यांनी सांभाळायची होती. मास्तरांनी घटनेचे सगळे कागद फोटो काढून गावाच्या मोबाइल ग्रुपवर टाकले. एवढे फोटो कोण बघणार, असं मला वाटलं होतं.

वैशाखात एकाच तारखेला गावात दोन लग्नं निघाली. एक कवठाच्या झाडाखाली राहतात त्यांच्या मुलीचं, दुसरं विहिरीजवळच्या घरातल्या मुलीचं. गाव पहिल्यांना कवठवाले आणि दुसऱ्यांना विहीरवाले म्हणतं. तारीख इतकी दाट होती की जानेफळ-डोणगावपर्यंत कोणाकडे भाड्याचाही गंज उरला नव्हता. कवठवाल्यांनी अर्ज आधी दिला. कलम अकराप्रमाणे मास्तरांनी त्यांना सगळी भांडी दिली. विहीरवाल्यांच्या मुलीचा बाप धावत आला, तर मास्तरांनी त्याला कलम वाचून दाखवलं आणि रिकाम्या हातांनी परत पाठवलं.

विहीरवाल्यांची मुलगी खामगावला शिकलेली, स्पर्धा परीक्षा देणारी. अंगाला हळद लावून बसली होती आणि हातात मोबाइल होता. तिने ग्रुपवरची घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. गावात ती वाचणारी ती एकटीच. मग तिने एक अर्ज लिहिला: झाकणात अन्न शिजवता, ठेवता किंवा वाढता येत नाही; झाऱ्यात आणि उलथन्यातही नाही; सबब कलम दोनप्रमाणे या वस्तू भांडी नाहीत आणि त्यांना कलम अकरा लागू नाही; तरी या सर्व वस्तू आमच्या कार्यासाठी मिळाव्यात. अर्जाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलं होतं. मास्तरांनी तो अर्ज तीनदा वाचला, त्यांना त्यात खोट सापडेना, आणि त्यांनी झाकणं, झारे, उलथनी सगळी विहीरवाल्यांना देऊन टाकली.

लग्नाच्या दिवशी सकाळी कवठवाल्यांकडे चार गंज होते आणि झाकण एकही नव्हतं. विहीरवाल्यांच्या अंगणात चार झाकणं भिंतीला टेकून उभी होती आणि शिजवायला काही नव्हतं. वारा सुटलेला, धूळ उडत होती. कवठवाल्यांचा आचारी हातातला लाकडी दांडा घेऊन आमच्या अंगणात आला. त्याने त्या दांड्याने वरण ढवळायला सुरुवात केली होती. त्याच्या मागे दोन्ही मुलींचे बाप, आणि सर्वांत मागे मास्तर, घटनेची फाइल छातीशी धरून.

"कलम एकोणतीस, सर," मास्तर म्हणाले.

मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ओसरीवर बसलो. अर्ज वाचला. खरं सांगतो, मला त्या गडबडीतही आनंद झाला. तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने व्याख्येचं कलम इतक्या बारकाईने वाचलं नव्हतं. मी बोलायला लागलो. अर्थ लावण्याच्या दोन पद्धती असतात, असं सांगितलं. एक शब्दाला धरून, दुसरी हेतूला धरून. दोन्हींचे गुण सांगितले, दोन्हींचे दोष सांगितले, इतर देशांत काय करतात तेही थोडक्यात सांगितलं. अर्ध्या तासाने मी अशा ठिकाणी पोचलो की शब्दाला धरलं तर विहीरवाले बरोबर आणि हेतूला धरलं तर कवठवाले बरोबर.

कवठवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. ते म्हणाले, "सर, मंग भात कोन्या पद्धतीनं शिजवू?"

मी अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आली. तिने कवठवाल्यांना विचारलं, "तुमचं लग्न कितीले?"

"साडेबाराले."

"अन् तुमचं?"

"गोरज," विहीरवाले म्हणाले.

"मंग भांडन कायचं हाये?"

दोन्ही बाप एकमेकांकडे पाहायला लागले.

"झाकनं आत्ता कवठाखाली न्या," वहिनी म्हणाली. "कवठवाल्यायची पंगत दोनले उठते. अडीचले चारही गंज झाकनासकट, धुतलेले, तुमच्या दारात. गेल्या वीस वर्सांत सात वेळा असंच केलं. तुमच्या मोठ्या पोरीच्या वक्ताले बी."

विहीरवाल्यांना आठवलं. ते खाली बघून हसले.

मी म्हटलं, "वहिनी, पण कलम अकरा 'एका दिवशी' म्हणते."

"दिवस लय मोठा असते भाऊजी. वैशाखातला त अजून मोठा. तुमी पंगत धरा ना."

आचारी दांडा घेऊन तसाच पळाला.

आता प्रश्न गंज धुण्याचा. दोन वाजता कवठवाल्यांच्या घरात मुलीची पाठवणी, बायका रडण्यात गुंतलेल्या, कोणाला राख-काथ्या घेऊन बसवणार? वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. भाऊही शेतातून आला होता. मुलगी गाडीत बसवून डोळे पुसत कवठवाले आले, आणि घाई असह्य होऊन विहीरवालेही आले. चौघांना चार गंज. भाताचा गंज माझ्या वाट्याला आला. तळाला करपलेला थर होता. बाहेरून हात पोचेना म्हणून मी गंज आडवा केला आणि कमरेपर्यंत आत शिरलो.

तेवढ्यात विहीरवाल्यांकडचा एक पाहुणा, कुठल्याशा शाळेचा मुख्याध्यापक, मला शोधत आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की गावात मोठे घटनातज्ज्ञ आहेत. "सर कुठे भेटतील?" असं त्याने विहीरवाल्यांना विचारलं. त्यांनी काथ्याने माझ्या पायांकडे खूण केली.

पाहुणा सज्जन होता. त्याने माझ्या पायांना नमस्कार केला आणि ओणवा होऊन गंजात विचारलं, "सर, राष्ट्रपती सही करायला नकार देऊ शकतात का?" मी खरवडता खरवडता उत्तर दिलं. आवाज असा घुमत होता की माझा मलाच अधिकार वाटायला लागला. तो मध्येमध्ये "बरोबर, बरोबर" म्हणत होता. पुण्यात इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडाला काजळी होती आणि त्याने माझ्यासोबत फोटो काढून घेतला.

अडीचला गंज विहिरीजवळ पोचले. गोरजावर लग्न लागलं. नवरी पाया पडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "सर, माझा अर्ज चुकीचा होता का?"

"नाही. कलम चुकीचं होतं."

ती खूश झाली. नवरदेव बिचारा आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

पुढच्या महिन्यात घटनादुरुस्तीची सभा झाली. या वेळी म्हशींच्या आधी, दुपारी. कलम दोनची नवी व्याख्या वहिनीने तोंडी सांगितली आणि मास्तरांनी लिहून घेतली: 'भांडे म्हणजे झाकणासकट भांडे.' झारे आणि उलथनी वेगळ्या ओळीत आली. कलम अकरामध्ये 'दिवस' काढून 'पंगत' घातलं. मग कलम एकोणतीस रद्द करण्याचा ठराव आला. सगळे हात वर गेले. विरोधात एकच मत पडलं आणि ते मोजायलाही मलाच सांगितलं.

त्याच दिवशी कलम नऊप्रमाणे अध्यक्षाची निवडणूक होती. वहिनी उभी राहिली. तिच्याविरुद्ध कवठवाल्यांच्या घरची बाई उभी राहिली, तेव्हा मला हे निव्वळ रीत म्हणून वाटलं. रिकाम्या तेलाच्या डब्याला फट पाडून मतपेटी केली होती. चिठ्ठ्या मास्तरांनी मोजल्या, मग परत मोजल्या. वहिनी तीन मतांनी हरली.

मी जमिनीकडे बघत बसलो. वीस वर्षं तिने न मागता गावाचं काम केलं होतं आणि तिला काढून टाकायची रीतसर सोय मी, तिच्याच ओसरीवर बसून, तिच्याच हातचा चहा पीत लिहिली होती. घरी जाताना मी म्हटलं, "वहिनी, माझ्यानं चुकलं."

"काय चुकलं?"

"निवडणुकीचं कलम टाकाले नको होतं."

वहिनी चालत राहिली. "भाऊजी, वीस वर्सं झाले, मी कोन्या लग्नात पहिल्या पंगतीले बसली नाही. गंज कोन नेला, परत कोन आनला, झाकन कोनाचं बसत नाही, सारं ध्यान तिकडंच. सोडावं म्हनलं त कोनावर सोडू? कोनी घेतच नव्हतं. आता तीन जनायनं जास्त मत देलं तिले. सांभाळू द्या."

"तुले राग नाही आला?"

"आला ना. तीन मतं कोनाची होती, थे मले माहीत हाये." मग म्हणाली, "एक त आपल्याच घरातलं हाये."

माझं मत मी वहिनीलाच दिलं होतं. म्हणजे ते मत भावाचं. मी वळून मागे पाहिलं, तर भाऊ नेहमीसारखा गप्प, बराच मागून येत होता.  रात्रीच्या जेवणाला त्याने आपणहून वहिनीला म्हटलं, "तुहे गुडघे दुखते," आणि तो विषय आमच्या घरात तिथेच संपला.

दिवाळीनंतर मास्तरांच्या पुतण्याचं लग्न झालं. वहिनी नवी साडी नेसून आली आणि पहिल्या पंगतीत माझ्या बायकोशेजारी बसली. बायको त्यासाठी पुण्याहून आली होती. नवी अध्यक्षीण किल्ली खुळखुळवत मांडवात धावपळ करत होती, कुठल्यातरी परातीचा कान निघाला होता. वहिनीने तिकडे मान वळवून पाहिलं नाही. वांग्याची भाजी घेतली, पोळीचा घास करून खाल्ला आणि वाढणाऱ्याला थांबवलं.

"आचाऱ्याले सांग," ती म्हणाली, "भाजी खारट झाली."